वालूरच्या टर्बोची डबी

गाडीच्या इंजिनाला जोर पेट्रोलचा असतो असं लोकांना वाटतं. तसा तो असतोही. पण पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ठरवणारी एक डबी आजकालच्या प्रत्येक गाडीत असते. पुस्तकात तिला ईसीयू म्हणतात, आम्ही डबीच म्हणतो. सेलूला जिनिंगच्या रस्त्यावर माझं वायरिंगचं गॅरेज होतं. तीसेक वर्षं मी तिथं या डब्यांशी झटापट केली. मागच्या साली गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी मिळून ठराव केला आणि मी शटर ओढलं.

या अंकाचे संपादक म्हणाले, ‘दत्ताभाऊ, उभी हयात गाड्यांत गेली, गमतीजमती लिहा.’ गमतीजमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो आणि तिसऱ्या पानावर अडकलो. का अडकलो ते पुढं सांगतो. आधी एक गंमत सांगून टाकतो, म्हणजे संपादकांचा शब्द राहील आणि ज्ञानोबा कोण हेही कळेल.

परभणीचे एक डॉक्टर होते. त्यांची गाडी बायको शेजारी बसली की आचके द्यायची. एकटे असले की लोण्यासारखी चालायची. डॉक्टरांनी दोन ठिकाणी दाखवली, डबी बदलली, सेन्सर बदलले. शेवटी हसत हसत आणि थोडे वैतागत ते माझ्याकडं आले. बाई मागं उभ्या होत्या आणि त्यांना ही गंमत अजिबात आवडलेली नव्हती. मी लॅपटॉप लावून तासभर आकडे बघत बसलो. तेवढ्यात ज्ञानोबा आला, डावीकडच्या सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘मी बसलो की मागं पेट्रोलचा पंप हुंदका द्यायलाय. उठलो की सरळ.’

सीटच्या खाली सतरंजीत पंपाची वायर दबत होती. कुणी बसलं की तुटायची, उठलं की जुळायची. डॉक्टर एकटे असताना ती सीट रिकामी असायची, एवढंच. दहा मिनिटांचं काम निघालं. बाईंनी ज्ञानोबाला हात जोडले, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तर असा हा ज्ञानोबा. चुडाव्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी कळपामागं फिरताना त्याचा कान तयार झाला. दहा-बारा मेंढरांच्या गळ्यात घंटा असायची. त्यातली कोणती मागं राहिली हे तो मागं न बघता सांगायचा. पुढं तो सेलूला आला, एका मिस्त्रीकडं इंजिन शिकला आणि मग आम्ही दोघांनी एकाच छपराखाली दुकान थाटलं. वायरी आणि डब्या माझ्या, लोखंड त्याचं. मला इंग्रजी पुस्तकं वाचता यायची म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. त्याला अक्षरं जेमतेम येत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची शाळा.

आता वालूरचा रणजित. चांगली जमीन, कापसाचा व्यवहार आणि गाड्यांचं भयंकर वेड. त्याच्याकडं मामांची जुनी पेट्रोल सेडान होती. तिला टर्बो बसवायचा असं त्यानं ठरवलं. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. ऐकायला सोपं आहे.

‘काका,’ रणजित म्हणाला, ‘ऐतवारी माळावर शर्यतीत पळाली पाहिजे, अन् सोमवारी त्याच गाडीत आईला सेलूच्या दवाखान्यात आणता आलं पाहिजे. एसी चालू ठेवून.’

ज्ञानोबा म्हणाला, ‘म्हंजे घोडं बी पाहिजे अन् म्हैस बी.’

अडचण अशी की, कारखान्यातून आलेल्या डबीला ही जास्तीची हवा ठाऊकच नसते. ती आपली जुन्या हिशेबानं पेट्रोल सोडत राहते आणि जुन्याच वेळेला ठिणगी टाकते. मग आत उष्णता वाढते आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल आपलं आपणच भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. आवाज अगदी बारीक येतो, पत्र्याच्या डब्यात चार फुटाणे हलवल्यासारखा. तो आवाज चालू राहिला तर पिस्टन फुटतं. आपल्याकडं मे महिन्यात रस्त्यावर तवा तापलेला असतो, तिथं हे फार लवकर होतं. म्हणून टर्बोच्या गाडीत पंख्यापेक्षा डबीची निवड मोठी. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. आणि आणखी एक सांगत आलो की, डबी घेताना ती काय काय करते हे शेवटी विचारा. बिघडली तर कोण बघणार, हे आधी विचारा.

आमच्यापुढं तीन रस्ते होते. एक, मूळ डबी तशीच ठेवायची आणि सेन्सर आणि तिच्यामध्ये एक थापाडी डबी बसवायची. ती मूळ डबीला खोटे आकडे सांगते आणि आपल्याला हवं ते तिच्याकडून करून घेते. तिला बाहेरून दोन बटणं असतात, हातानं फिरवायची. दुसरा रस्ता, मूळ डबीच्या आतलं लिखाण बदलायचं. त्यासाठी गाडी पुण्याला न्यायची, आणि काही कमीजास्त झालं की पुन्हा पुणे. रणजितच्या गाडीची डबी इतकी जुनी होती की पुण्याच्या माणसानं फोनवरच नकार दिला. तिसरा रस्ता, जुनी डबी काढून फेकायची, नवी बसवायची, सगळं वायरिंग नव्यानं ओढायचं आणि लॅपटॉपवर एकेक चौकोन भरत बसायचं. इंजिनाच्या अमुक फेऱ्यांना, अमुक हवेला इतकं पेट्रोल, इतकी ठिणगी. असे शेकडो चौकोन.

ज्ञानोबा म्हणाला, ‘मास्तर, बटनाची बसवू. मी ऐकतो, तुमी फिरवा. आजवर तसंच तं केलंय आपन.’

मी नाही म्हणालो आणि ते बरोबरच होतं. रणजितला जेवढा जोर पाहिजे होता तेवढ्यात थापा पुरल्या नसत्या. थोडी थाप मूळ डबी पचवते, जास्त मारली की तीच गोंधळते. हे मी ज्ञानोबाला समजावून सांगितलं. त्याला पटलं. पटलं की तो तक्रार करत नसे.

‘बरं,’ तो म्हणाला, ‘नवी बसवा. पण जिच्याबरं पुन्याचा मानूस येतो ती बसवा. तो दोन दिस बसंल, आमी ऐकू, तुमी शिकून घेताल.’

नव्या डब्यांतही दोन माझ्या नजरेत होत्या. एक साधी. तिचा विक्रेता पुण्यातला. त्याचा माणूस सेलूला येऊन दोन दिवस गाडीत बसून सगळे चौकोन भरून द्यायला तयार होता. त्या डबीला नॉकिंग ऐकू येत नसे, ते माणसानंच ऐकायचं. दुसरी परदेशातली. तिला स्वतःचा कान होता. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवायचा, तो आवाज ऐकतो, आणि नॉकिंग झालं की डबी आपणहून ठिणगी उशिरा टाकते. आपल्या भागात ती कुणी बसवल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. अडलं तर विचारायला कोणी नाही. सोबत एक जाडजूड पुस्तक.

मी कानवाली घेतली. रणजितला सांगितलं की तुझ्या आईच्या जिवाला हीच बरी. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. ती बसवली की मला कुणाचं तोंड बघायला लागणार नव्हतं. पुण्याच्या माणसाचं नाही आणि, आता लिहायला काय हरकत आहे, ज्ञानोबाचंही नाही. गिऱ्हाईकं म्हणायची, ‘दत्ताभाऊ वायरी जोडतात, पण गाडीचं दुखणं सांगावं ते ज्ञानोबानं.’ डॉक्टरांच्या बाईंनीही त्यालाच हात जोडले होते. एवढी पुस्तकं मी वाचली, रात्रीचा दिवस केला, आणि हात त्याला जोडायचे. माझ्या मनात ही खुटखुट बरीच वर्षं होती आणि ती त्याला कधी कळू दिली नाही.

ज्ञानोबानं इंजिन उघडलं, नवी पिस्टनं, नव्या रिंगा घातल्या, टर्बोसाठी लोखंडी नळ्या स्वतः जोडल्या. असं सुबक काम मी पुन्हा बघितलं नाही. मी तीन आठवडे वायरिंग ओढलं. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. आम्ही दोघं बॉनेटवर वाकून त्याचा ठोका ऐकत उभे होतो. तो माझ्या धंद्यातला सगळ्यात चांगला क्षण होता.

मग रस्त्यावरची कामं सुरू झाली. रणजित गाडी चालवायचा, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, ज्ञानोबा मागं. सेलू-वालूर रस्त्यावर आमच्या खेपा. ज्ञानोबानं एक अफलातून गोष्ट केली होती. फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणली, तिचं एक टोक चेपून इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टनं आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती काचेतून मागच्या सीटपर्यंत आणली आणि कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसा तो इंजिन तपासत बसायचा. नंतर मला वाचून कळलं की परदेशातले मोठमोठे लोकही अगदी असंच करतात. तेव्हा मात्र मी त्याला हसलो होतो.

डबीच्या कानाची एक मेख आहे. इंजिनात नॉकिंग सोडून इतरही आवाज पुष्कळ असतात. फेऱ्या वाढल्या की सगळंच खडखडतं. त्यामुळं आवाज कितीच्या वर गेला म्हणजे नॉकिंग समजायचं, ती हद्द डबीला माणसानं शिकवावी लागते. मी ती हद्द त्या पुस्तकातल्या एका तशाच इंजिनाच्या तक्त्यावरून घातली. झालं असं की, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की डबी ओरडायची आणि ठिणगी मागं खेचायची. गाडी मरगळायची.

‘काका, ही तं सासरी निघाल्यावानी करायलीय,’ रणजित म्हणाला.

मला वाटलं, डबी उगाच भितेय. लोखंडाच्या खडखडाटाला नॉकिंग समजतेय. मी हद्द वर नेली. पुन्हा ओरडली, आणखी वर नेली. मग ती गप्प झाली. पडद्यावर नॉकिंगच्या रकान्यात शून्य आलं आणि गाडी अशी सुटली की रणजितनं आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारली.

मागून ज्ञानोबा म्हणाला, ‘मास्तर, वाजायलंय.’

मी म्हणालो, ‘शून्य आहे. हे बघ.’

‘मला पडदा नका दावू. पुलाच्या चढाला वाजायलंय. तीन नंबरच्या पिस्टनला.’

‘तुझ्या नळीत झडपांचे टॅपेट वाजत असतील.’

‘टॅपेट मला कळत्यात,’ तो म्हणाला.

रणजितसमोर मला हे झोंबलं. मी म्हणालो, ‘ज्ञानोबा, या डबीला तुझ्यापेक्षा चांगला कान आहे, म्हणूनच आणली ना?’ गॅरेजला परत आल्यावर त्यानं ती नळी सोडवली, गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली.

गाडी तीन आठवडे पळाली. मग संभाजीनगरच्या पुढं एका माळावर शर्यत होती. ऐन मे महिना. दुसऱ्या फेरीत पांढरा धूर आला आणि तीन नंबरचं पिस्टन गेलं. पिकअपवर घालून गाडी सेलूला आणली. रणजित आणि त्याचे चार दोस्त गॅरेजसमोरच्या हॉटेलात बसले होते. ज्ञानोबा बाहेर हौदावर डिझेलनं हात धूत होता. मी हॉटेलात जाऊन बसलो.

रणजित तेव्हा तरुण होता, शर्यतीत फजिती झालेली. तो मोठ्यानं म्हणाला, ‘डबीवर पडद्यात सगळं बराबर होतं. मंग फुटलं कामून? रिंगा उलट्या बसवल्या असतील. हातानं काम करणारा मानूस, वय झालं, चुकनारच.’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या दिवशी सकाळीच डबीतली नोंद उतरवून घेतली होती. डबी नॉकिंग म्हणो न म्हणो, ऐकलेला आवाज ती लिहून ठेवते. तीन नंबरचा आवाज खेपेगणिक चढत गेला होता आणि मी वर नेलेल्या हद्दीच्या खालीच राहिला होता. त्यामुळं डबी मुकाट बसली होती. पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं इतकं ते स्वच्छ होतं.

मी म्हणालो, ‘असेल. जुळणीत काही राहिलं असेल.’

एवढंच बोललो. हौद दहा पावलांवर होता आणि ज्ञानोबाचा कान तर मी तुम्हाला सांगितलाच आहे.

त्यानंतर तो रोज गॅरेजात यायचा. तुटकं इंजिन त्यानं उघडलं, पिस्टन काढून पोत्यावर मांडलं, सगळं पुसून ठेवलं. चहा घ्यायचा, पण बोलणं नाही. मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसायचो. एक दिवस त्यानं आपले पाने एका पिशवीत भरले, ‘येतो मास्तर,’ म्हणाला आणि गेला. सेलूत नंतर त्याला कुणी इंजिनाचं काम दिलं नाही. ज्ञानोबाचा हात आता राहिला नाही असं गावात झालं होतं. तो चुडाव्याकडं आपल्या गावी गेला आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन बसला असं कानावर आलं.

रणजितचं दुसरं इंजिन परभणीच्या एका फिटरनं जुळवलं. मी गुपचूप ती हद्द खाली आणली, ठिणगी मागं घेतली, जोर थोडा कमी केला. रणजितला काही सांगितलं नाही. ती गाडी आजही चालते. माझं नाव झालं. लातूरहून, बीडहून, नांदेडहून लोक गाड्या घेऊन येऊ लागले. टर्बोचं काम करणारा आख्ख्या पट्ट्यात मी एकटा.

एकटा म्हणजे खरोखर एकटा. हे काही दुःखाचं कौतुक सांगत नाही, जसं होतं तसं लिहितो. एखादी गाडी जमून यायची, तिचा ठोका असा एकसारखा पडायचा की अंगावर काटा यावा, आणि मी मान वर करून बघायचो. मालक मोबाईलवर बोलत असायचा. त्याला गाडी चालू झाली एवढंच पुरेसं होतं. घरी बायकोला सांगावं तर ती म्हणायची, ‘त्या डबीलाच सांगा, तिला कान हाय म्हणता ना.’ ती गमतीनं म्हणायची, मला ते लागायचं. अडलं तर विचारायला कुणी नव्हतं, आणि नाही अडलं तरी सांगायला कुणी नव्हतं. कोणाची गरज पडू नये म्हणून मी ती डबी निवडली होती आणि तेवढं एक काम तिनं चोख केलं.

आता तिसऱ्या पानाचं. या लेखात रणजितच्या गाडीपर्यंत आलो आणि लिहून गेलो, ‘भेसळीच्या पेट्रोलमुळं इंजिन फुटलं.’ हात सराईतपणे लिहून गेला. इतकी वर्षं बाहेरगावच्या कोणी विचारलं की मी हेच सांगत आलो होतो. ते वाक्य छापून येणार, आणि मग तेच खरं होऊन बसणार, हे माझ्या ध्यानात आलं. मी ते खोडलं. दुसरं वाक्य सुचेना. शेवटी एका सकाळी सेलू स्टेशनवर गेलो आणि चुडाव्याचं तिकीट काढलं.

स्टेशनवरून अर्धा तास चालत त्याचं घर. ज्ञानोबा अंगणात एका पाण्याच्या मोटरीचं बेअरिंग काढत बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून उठला, बाज टाकली.

‘या मास्तर. कसं येनं केलं?’

त्याच्या बायकोनं पाणी आणलं, चहा ठेवला. मी गाडीत सगळं घोकत आलो होतो, पण तोंडातून एकदमच निघालं. ‘ज्ञानोबा, ते पिस्टन तुझ्या हातानं नाही गेलं. मी हद्द वर नेली होती. नोंदीत दिसत होतं. त्या दिवशी हॉटेलात बसलो तेव्हा मला माहीत होतं.’

तो बेअरिंग पुसत राहिला. मग म्हणाला, ‘पिस्टन मीच काढलं होतं ना. कड खाल्लेली, वर सुईनं टोचल्यावानी ठिपके. रिंगा उलट्या बसल्यावर तसं होत न्हाई, वाजून वाजूनच होतं. मला तवाच कळलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘मी बोलून काय उपेग? आपलीच बाजू आपन सांगितल्यावानी. तुमी बोलताल म्हनून आठ दिस रोज आलो की गॅरेजात. पिस्टन तुमच्यासमोर पोत्यावर मांडून ठेवलं. नवव्या दिशी म्हनलं, आता न्हाई बोलत मास्तर.’

मला रडू आलं. या वयात दुसऱ्याच्या अंगणात रडणं बरं दिसत नाही, पण आलं. त्यानं चहाची बशी पुढं केली.

‘आलात ते बरं केलं,’ तो म्हणाला. ‘पर मला सांगून काय व्हायचंय? मला तं ठावंच होतं. ज्याला ठाव न्हाई त्याला सांगा.’

निघताना मी म्हणालो, ‘ये कधी सेलूला.’ तो म्हणाला, ‘बघू.’ वेशीपर्यंत पोचवायला आला, आणि शेळ्यांची वेळ झाली म्हणून परत फिरला.

दुसऱ्या दिवशी मी वालूरला गेलो. रणजित आता चाळिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. शेडमध्ये ट्रॅक्टरला ग्रीस मारत होता. सेडान पलीकडं ताडपत्रीखाली उभी. मी उभ्या उभ्याच सांगितलं. हद्द, नोंद, हॉटेल, सगळं. त्यानं ग्रीसची पिचकारी खाली ठेवली.

‘काका, मी त्या मानसाला चार लोकांत बोललो होतो.’

‘हो.’

‘अन् तुमी तिथंच बसले होते.’

‘होतो.’

त्यानं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं ज्ञानोबाचा नंबर मागितला, तो मी कालच लिहून आणला होता, आणि फोन लावून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिकडं काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं. एकदा त्यानं डोळे पुसल्यासारखं केलं. एकदा तो हसला. परत आला तेव्हा ताडपत्री ओढायला लागला.

मी विचारलं, ‘काय म्हणाला?’

‘मी माफी मागितली. मंग त्यांनी इचारलं, नव्या इंजिनात काई वाजत तं न्हाई ना. मी म्हनलं, येऊन ऐका एकदा. येतो म्हनले ऐतवारी. गॅरेजातली ती तांब्याची नळी हाय का म्हनले.’

माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. नळी माझ्याकडंच होती. शटर ओढताना सगळं भंगारात दिलं, ती तेवढी दिली नव्हती. मी म्हणालो, ‘आहे, आहे. मी घेऊन येतो रविवारी. सकाळच्याच एसटीनं येतो.’

रणजित ताडपत्रीची घडी घालत होता. ती पुन्हा उलगडून त्यानं पुन्हा घातली.

‘काका,’ तो म्हणाला, ‘नळी तुमी आजच पाठवून द्या. ऐतवारी तुमी नसले तर येतो, असं म्हनले ते.’

मी बरं म्हणालो. संध्याकाळी नळी कागदात गुंडाळून वालूरच्या एसटीत कंडक्टरजवळ दिली, आणि रविवारी दिवसभर घरीच बसून हा लेख पुरा केला.